काकीच्या पांढऱ्या पेशी १८ वर्षं औषधाविना कशा टिकल्या?

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे काका ट्रक चालवायचे. १९९९ च्या पावसाळ्यात गेले. शेवटी नुसता सांगाडा उरला होता. ते गेल्यावर काकीचं रक्त तपासलं, तर तिलाही एचआयव्हीची लागण. गावानं तिचेही दिवस मोजायला घेतले. ती काकी आज ५८ वर्षांची आहे आणि या होळीला तिनं एकटीनं ४० पुरणपोळ्या लाटल्या.

खरी गोष्ट पुढे आहे. २०१७ पर्यंत तिनं एकही गोळी घेतली नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) झाल्यापासून ती दर सहा महिन्यांनी सीडी४ करायला जायची, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी मोजायला. आकडा कायम ६५० ते ८०० च्या मध्ये. "पांढऱ्या पेशी चांगल्या आहेत, अजून औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी या," म्हणून परत पाठवायचे. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तिनं ते सगळे आकडे लिहून ठेवलेत. एका बाजूला लिटर, दुसऱ्या बाजूला पेशी. २०१७ मध्ये सगळ्यांनाच औषध द्यायचा नियम आला तेव्हा तिला गोळी सुरू झाली.

एकाच घरातली दोन माणसं, तोच रोग. एक गेला, एक १८ वर्षं खणखणीत. आजी म्हणायची, "तिच्या माहेरचं रक्तच चिवट." यात खरंच काही आनुवंशिक असतं का?

दुसरा प्रश्न चुलतभावाचा. तो १९९५ चा, काकीचा मुलगा, निगेटिव्ह आहे. त्यानं कुठंतरी वाचलं की काही लोकांना जनुकामुळे एचआयव्ही होतच नाही. आता लग्नाचं बघतोय, त्याआधी खाजगी लॅबमध्ये जनुकीय तपासणी करायची म्हणतोय. करावी का?

तेरेखोल
वाचून खूप बरं वाटलं. काकींना साष्टांग नमस्कार. उत्तर माहीत नाही, जाणकारांची वाट बघतो.

चार्ल्सकाठ
द्राक्षबाग, धागा काढलात ते फार छान केलंत. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, आता बॉस्टनला रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या भावानं वाचलेली गोष्ट आणि काकीची गोष्ट, या दोन वेगळ्या आहेत.

भावानं वाचलंय ते सीसीआर५ बद्दल. एचआयव्हीला पेशीत शिरायला बाहेरच्या बाजूची दोन प्रथिनं धरावी लागतात, एक सीडी४ (त्या मोजायच्या पेशींचं नाव यावरूनच पडलं) आणि दुसरं बहुधा सीसीआर५. काही लोकांत सीसीआर५ च्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात, म्हणून त्याला डेल्टा ३२ म्हणतात. मग ते प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. आईकडून आणि वडलांकडून, दोन्हीकडून अशीच प्रत आली असेल तर नेहमीच्या एचआयव्हीला आत शिरायला जागा नाही. हे १९९६ मध्ये उलगडलं. एकच प्रत असेल तर लागण होते, पण आजार सरासरी सावकाश पुढे सरकतो.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १०० त एकाकडे दोन्ही प्रती अशा असतात, एक प्रत १० त एकाकडे. आपल्याकडे हा बदल फारच विरळा. आणि मुख्य मुद्दा, काकींना लागण झालीच आहे. म्हणजे त्यांचं दार उघडं होतं. मुलाला दोन्ही प्रती मिळायच्या तर एक आईकडून, एक वडलांकडून यायला हवी. शक्यता जवळपास नाही. त्या तपासणीवर पैसे घालू नयेत.

काकींचं कोडं बहुतेक दुसऱ्या जागी सुटेल, एचएलएमध्ये. जेवण करून येते आणि लिहिते.

घाटवाट
सीसीआर५ वरून आठवलं. स्टीफन क्रोन नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार होता. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये गेला, पाठोपाठ मित्रामागून मित्र गेले, आणि याला काहीच होईना. तो स्वतःहून संशोधकांकडे गेला की माझ्यात काय वेगळं आहे ते बघा. न्यूयॉर्कच्या ॲरन डायमंड केंद्रात त्याच्या पेशी विषाणूत बुडवून ठेवल्या, तरी लागण होईना. दोन्ही प्रती डेल्टा ३२ निघाल्या. क्रोन्स डिसीज ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते डॉक्टर याचे नात्यातले आजोबा. इतकी माणसं गेली आणि मी कसा राहिलो, हे ओझं त्यानं जन्मभर वाहिलं. २०१३ मध्ये गेला. त्याच्या रक्ताच्या नळ्यांवरून जे कळलं त्यातून पुढे मॅराविरॉक हे औषध आलं, ते सीसीआर५ चं दार बाहेरून अडवतं. २००७ पासून वापरात आहे.

तेरेखोल
म्हणजे गोऱ्यांना होतच नाही असं म्हणायचं का? मग युरोप-अमेरिकेत एवढी माणसं कशी गेली?

घाटवाट
१०० त एक म्हटलं त्यांनी. ९९ आहेत की बाकीचे! आणि त्या एकालाही पूर्ण अभय नाही. काही विषाणू सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावरून शिरतात.

चार्ल्सकाठ
बरोबर. आता एचएलए.

आपली प्रत्येक पेशी आत जे काही शिजतंय त्याचे बारीक तुकडे बाहेर मांडून ठेवते. आठवडी बाजारात बाई टोपलीतले चार आंबे वर काढून ठेवते, तसं. मारेकरी पेशी, म्हणजे सीडी८, फिरताना हे नमुने बघतात. नमुना परका दिसला की ती पेशी मारून टाकतात. हे तुकडे ज्या तबकात मांडले जातात ते तबक म्हणजे एचएलए. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. ए, बी, सी असे मुख्य तीन प्रकार, आईकडून एक संच आणि वडलांकडून एक. म्हणजे जास्तीत जास्त सहा तऱ्हेची तबकं.

प्रत्येक तबकाची खोबण वेगळी. कुठला तुकडा नीट बसेल ते त्या खोबणीवर ठरतं. एचएलए-बी५७ च्या खोबणीत विषाणूच्या गाभ्यावरच्या कवचाचे काही तुकडे फार चांगले बसतात. त्या कवचाची गंमत अशी की विषाणूला तिथं सहज फेरफार करता येत नाही. केला तर मारेकऱ्यांची नजर चुकते, पण स्वतःची वाढ मंदावते. पळता येतं, पण लंगडत. म्हणून बी५७ वाल्यांत विषाणू बराच काळ दबून राहू शकतो. बी२७ चंही तसंच. उलट बी३५ च्या काही उपप्रकारांत आजार झपाट्यानं पुढे जातो.

जगभरातल्या हजारो रुग्णांची जनुकं तपासून २०१० मध्ये मोठा अभ्यास आला. औषधाशिवाय विषाणू दाबून धरणारे आणि न धरणारे यांच्यातला ठळक फरक शेवटी एचएलए-बीच्या त्या खोबणीतल्या मोजक्या जागांवर येऊन थांबला. एवढा मोठा जनुकसंच चाळला आणि बोट पडलं ते तिथंच. मी तेव्हा शिकत होते. तो निबंध वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

देवराई
थांबा थांबा. एचएलए-बी२७? माझा बी२७ पॉझिटिव्ह आहे! २२ वर्षं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडवणारा सांध्यांचा आजार) आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास पाठीचा नुसता लाकडी ओंडका असतो. त्या रिपोर्टकडे मी इतकी वर्षं शत्रू म्हणून बघत आलोय. तो कुणाच्या कामी येत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. आज पाठीला म्हटलं, बाई, तुझ्याही पदरी काही पुण्य आहे.

चार्ल्सकाठ
देवराई :) अगदी तेच जनुक. आणि म्हणूनच कुठल्याही एचएलएला चांगलं किंवा वाईट म्हणवत नाही. तबक तेच, कोणापुढे मांडलंय त्यावर सगळं. सीसीआर५ चंही तसंच आहे. दोन्ही प्रती गळालेल्यांना एचआयव्ही सहसा होत नाही, पण डासांतून येणारा वेस्ट नाईल ताप झाला तर जास्त त्रास होतो.

हिशेबनीस
सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्नावर मला शंका आहे आणि ती स्पष्ट मांडतो.

एक, काकींना लागण कधी झाली ते माहीत नाही. १९९९ ला कळलं, झाली तेव्हा का आधी, कोण सांगणार? काकांची लागण कदाचित ८-१० वर्षांची जुनी असेल आणि काकींची ताजी. औषधाविना लागण ते एड्स हा काळ सरासरीच दहा वर्षांच्या आसपास असतो.

दोन, जनुक माणसाचंच का? विषाणूचं का नाही? सिडनीतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका रक्तदात्याकडून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांना लागण झाली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या पेशी ढासळल्या नाहीत. त्या विषाणूतच नेफ नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला होता. विषाणूच अधू होता, माणसं नेहमीसारखी.

तीन, जे टिकले त्यांच्याच गोष्टी सांगायला माणूस उरतो. तेव्हा "माहेरचं रक्त चिवट" यावर इतक्यात शिक्का मारू नये.

द्राक्षबाग
हिशेबनीस, तुमचा पहिला मुद्दा मला पटला. पण दुसरा नाही. काकीला लागण काकांकडूनच झाली. विषाणू अधू असता तर काका कसे गेले?

हिशेबनीस
हे खरं आहे. इथं मी चुकलो. दोघांत विषाणू एकच असेल तर फरक माणसातच शोधावा लागेल. पण पहिला मुद्दा सोडत नाही. लागण १९९९ ची धरली तरी २०१७ पर्यंत १८ वर्षं होतात आणि आकडा पडला नाही, हे सरासरीत बसत नाही एवढं मात्र कबूल.

चार्ल्सकाठ
दोघांनी मिळून जो मुद्दा काढलात तो संशोधकांनीही तपासलाय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून २००८ साली अशाच एका जोडप्याची नोंद प्रसिद्ध झाली. नवऱ्याचा आजार वाढला, बायको औषधाशिवाय ठणठणीत, आणि दोघांतला विषाणू एकच. बायकोकडे बी५७ होतं.

हिशेबनीसांचा तोल मला आवडतो, म्हणून एक आकडा देते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत रक्तातल्या विषाणूच्या पातळीत माणसामाणसात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम पाव भाग एचएलए आणि सीसीआर५ मिळून समजावतात. बाकीचं विषाणूचं वाण, वय, इतर आजार, आणि न उलगडलेलं बरंच काही. बी५७ असूनही भराभर ढासळलेले रुग्ण आहेत. बी५७ नसूनही टिकलेले आहेत.

सायलीचं_झाड
एक अवांतर विचारू? आईवडलांकडून वेगवेगळा संच आला तर तबकं जास्त, हे कळलं. मग आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथं दोन्ही संच सारखे यायची शक्यता वाढते ना? त्याचा परिणाम होतो का?

चार्ल्सकाठ
अवांतर मुळीच नाही, सुरेख प्रश्न आहे. १९९९ मध्ये हेच दाखवलं गेलं. ज्यांच्याकडे एचएलएच्या दोन्ही प्रती सारख्या होत्या, त्यांच्यात आजार लवकर वाढला. नमुने मांडायला तबकं कमी पडतात. नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते हे बरोबर, पण तेवढ्यावरून कुणा एकाबद्दल काही सांगता येणार नाही.

समुपदेशन_खिडकी_३
मी १४ वर्षं एका तालुक्याच्या तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. धागा वाचताना आनंदही झाला आणि थोडी धडधडही. म्हणून लिहिते.

"आमच्या रक्तात ताकद आहे, आम्हाला होत नाही." हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते. नवरा पॉझिटिव्ह, बायको पाच वर्षं निगेटिव्ह, म्हणून दोघं निर्धास्त. निरोध नाही, गोळ्यांत खाडे. अहो, एका संबंधातून लागण होण्याची शक्यता मुळातच हजारात एकाच्या आसपास असते. वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहणं हा बहुतेक वेळा त्या हिशेबाचा भाग असतो, जनुकाचा नाही. नैरोबीच्या पुमवानी वस्तीतल्या देहविक्री करणाऱ्या बायकांचा अभ्यास १९८५ पासून चालला. त्यातल्या काही जणी कित्येक वर्षं निगेटिव्ह होत्या, सगळं जग त्यांच्याकडे आशेनं बघत होतं. त्यातल्याच काहींना पुढे लागण झाली, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत ती मध्ये काम कमी केल्यानंतर किंवा थांबवल्यानंतर झाली.

चुलतभावाबद्दल. काळजी करू नका. आईकडून बाळाला औषधाविनाही १०० त १५ ते ४५ वेळाच लागण जाते. निम्म्याहून जास्त मुलं तशीच निगेटिव्ह निघायची. शिवाय तो १९९५ चा, काकींना लागण त्याच्या जन्मानंतर झाली असणंही शक्य आहे. तो निगेटिव्ह आहे, बस्स. लग्नाच्या बोलण्यात त्याला लपवण्यासारखं काही नाही. आणि काकींची गोष्ट कुणाला सांगायची, सांगायची की नाही, ते फक्त काकी ठरवतील. माहिती गुप्त ठेवण्याबद्दल २०१७ चा कायदा आहे त्याला.

मिरजेची_सतार
इथं लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

मी पॉझिटिव्ह आहे. माझी गोष्ट काकींच्या उलट. लागण कधी झाली ते मला नक्की माहीत आहे आणि तीन वर्षांत सीडी४ ९० वर आला होता. तोंडात बुरशी, क्षयरोग, सगळं झालं. तेव्हा एका दवाखान्यात मला ऐकवलं गेलं की पथ्यपाणी सांभाळलं नसणार, व्यसन असणार. मी सुपारीसुद्धा खात नाही. कित्येक वर्षं मी त्या तीन वर्षांत काय चुकलं ते शोधत बसलो होतो. काय खाल्लं, कुठं जागरण केलं, कशाची चिंता केली.

आज वरचं खोबणीचं वाचलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझी तबकं कुठली ते मला माहीत नाही, जाणून घ्यायचंही नाही. पण माझ्या आईवडलांनी दिलेलं काहीतरी त्या विषाणूला ओळखण्यात कमी पडलं असेल, हे कुणी इतक्या साध्या शब्दांत आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझा सीडी४ आता ५६० आहे, रोज रात्री एक गोळी. बाटलीत कापूस घालून ठेवतो, प्रवासात पिशवीत खुळखुळू नये म्हणून.

देवराई
सतार, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. मिठी.

समुपदेशन_खिडकी_३
दादा, तुमचं काहीही चुकलं नव्हतं. कापसाची युक्ती माझ्याकडच्या कितीतरी जणांची आहे.

चार्ल्सकाठ
सतार, तुमचं वाचून डोळे भरले. एक सांगते, औषध सुरू झालं की हे जनुकांचं अंतर जवळजवळ पुसलं जातं. बी५७ असो की बी३५, गोळी नियमित असली की विषाणू दोघांतही सापडत नाही. आणि विषाणू सापडत नसेल तर संबंधातून दुसऱ्याला जातही नाही.

घाटवाट
त्या बर्लिनच्या रुग्णाबद्दल कुणी बोललं नाही अजून. टिमथी रे ब्राऊन. एचआयव्हीही होता आणि रक्ताचा कर्करोगही. २००७ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात डॉ. गेरो ह्युटर यांनी मुद्दाम दोन्ही प्रती डेल्टा ३२ असलेला दाता शोधून मूळपेशी रोपण केलं. कर्करोग उलटला म्हणून २००८ मध्ये पुन्हा केलं. एचआयव्ही परत आला नाही. २०२० मध्ये तो गेला तो कर्करोगानं. असं सगळ्यांना का करत नाहीत?

चार्ल्सकाठ
कारण रोपणातच माणूस जाऊ शकतो. ज्याला कर्करोगासाठी ते करायचंच आहे, त्याच्यासाठीच तो विचार. जर्मनीतल्याच एका रुग्णात डेल्टा ३२ दाता असूनही सीएक्ससीआर४ वरून शिरणारा विषाणू उसळून आला. उलट जिनिव्हाच्या रुग्णाचा दाता साध्या सीसीआर५ चा होता, तरी २०२३ मध्ये जाहीर झालं की विषाणू परतलेला नाही. म्हणजे दाराचंच सगळं श्रेय नाही.

तेरेखोल
आणि चीनमध्ये त्या जुळ्या मुलींची जनुकं बदलली होती ना, यासाठीच?

घाटवाट
हो, २०१८ मध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या चिनी संशोधकानं भ्रूणातच सीसीआर५ कापलं. नेमकी ३२ अक्षरं गळाली नाहीत, भलतेच बदल झाले. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मला तर याचा आजही राग येतो. वडील पॉझिटिव्ह असताना बाळ निगेटिव्ह व्हायचे सुरक्षित मार्ग आधीच होते. त्या मुलींना कुणी विचारलं होतं?

सायलीचं_झाड
बी५७ वरून एक अनुभव. माझ्या भाचीला (लहानपणापासून पॉझिटिव्ह आहे) अबॅकाविर (एचआयव्हीवरचंच एक औषध) सुरू केलं. दुसऱ्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ, उलट्या. नशीब, डॉक्टरांनी लगेच बंद केलं आणि ठामपणे सांगितलं की पुन्हा कधीही द्यायचं नाही. नंतर तपासणीत बी५७ निघालं. हे तेच का?

चार्ल्सकाठ
हो, बी५७:०१ हा उपप्रकार. अबॅकाविरचा रेणू त्याच खोबणीत जाऊन बसतो, मग शरीराला आपलेच तुकडे परके वाटू लागतात. डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. एकदा अशी प्रतिक्रिया आल्यावर पुन्हा ते औषध दिलं तर जिवावर बेततं. हा उपप्रकार आपल्याकडे विरळा नाही, म्हणून एचएलए तपासणीचा खरा उपयोग इथं आहे. द्राक्षबाग, काकींच्या कागदांत अबॅकाविर लिहून देण्याची वेळ कधी आलीच, तर बी५७:०१ तपासणीचं डॉक्टरांना जरूर विचारा.

द्राक्षबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज रात्री काकीला हा धागा वाचून दाखवत होते. भावानं तपासणी रद्द केली, ते पैसे काकीच्या चष्म्याला लावले.

सतारदादा, तुमचं वाचलं तेव्हा काकी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना लिही, मी काही वेगळं केलं नव्हतं. मीही तेच खात होते, तेवढंच रडत होते."

आणि मग तिनं दुधाची वही काढून आणली. मी धाग्यात आकडा ६५० ते ८०० लिहिला, तो तिला खटकला होता. २०११ च्या मार्चात ६४२ होता, तो मी गाळला. "लिहायचं तर बरोबर लिही," म्हणाली. तर दुरुस्ती करते, ६४२ ते ८०५.

मिरजेची_सतार
काकींना माझा नमस्कार सांगा. ६४२ माझ्याही वहीत लिहून ठेवला.

हिशेबनीस
काकींचा पुढचा आकडा कधी?

द्राक्षबाग
ऑगस्टात. आता पेशींपेक्षा विषाणूच मोजतात. मागच्या वेळी सापडला नाही.